आमच्या आया आणि बायकांचं हॉस्पिटल

बायकांच्या हॉस्पिटलचा इतिहास आपल्याकडे फार सोवळ्यानं लिहिला जातो. दर ८ मार्चला पेपरात तेच फोटो. नऊवारीतली आनंदीबाई, गंभीर चेहऱ्याची रखमाबाई आणि कोपऱ्यात एखादी गोरी मडम. खाली लिहिलेलं असतं, यांनी स्त्रीला आरोग्याची दारं उघडून दिली. कुठल्या स्त्रीला, ते लिहिलेलं नसतं. दार उघडल्यावर उंबऱ्यातलं रक्त कुणी पुसलं, तेही नसतं.

मी सरकारी दवाखान्यात नर्स होते. माझी आई सरकारी दवाखान्यात आया होती. त्यामुळे हा विषय मला पुस्तकातून शिकावा लागलेला नाही. पण पुस्तकंही वाचली. न वाचता भांडणारी मी नव्हे.

माझं भांडण दोन्हीकडे आहे. एकीकडे हे आरत्या ओवाळणारे पांढरपेशे. दुसरीकडे आपलेच काही कार्यकर्ते मित्र. त्यांच्यापुढे कामा हॉस्पिटल, रखमाबाई अशी नावं काढली की ते म्हणतात, ‘सोड ना बाई, शेटाण्यांच्या आणि बामणिणींच्या गोष्टी त्या. आपला काय संबंध?’ आपला काय संबंध? मित्रा, तुझी बायको कुठं बाळंत झाली? शेटाणी पंचतारांकित दवाखान्यात जाते. बायकांच्या सरकारी हॉस्पिटलात खाटेवर कोण पडलेली असते, खाटेखाली सतरंजीवर कोण पडलेली असते, एकदा जाऊन बघून ये. मग संबंध विचार.

आधी ती गोष्ट नीट सांगते, कारण आरती करणारे आणि नाक मुरडणारे दोघंही ती अर्धीच सांगतात.

मुंबईत १८८२-८३ च्या सुमारास जॉर्ज किट्रेज नावाचा एक अमेरिकन व्यापारी आणि सोराबजी शापुरजी बंगाली हे पारशी गृहस्थ यांनी एक फंड काढला. विलायतेतून बायका डॉक्टर आणायच्या आणि बायकांसाठी बायकांनीच चालवलेलं हॉस्पिटल उभं करायचं. पेस्तनजी होरमसजी कामा यांनी दीड लाखावर रुपये दिले. १८८३ साली पायाभरणी झाली, १८८६ साली हॉस्पिटल उघडलं. पुढे त्याला आल्ब्लेस यांच्या देणगीचं बाळंतपणाचं हॉस्पिटल जोडलं गेलं आणि नाव झालं कामा अँड आल्ब्लेस. पुरुष डॉक्टरचा हात तिथं वर असणार नाही, ही त्या काळात साधी गोष्ट नव्हती.

तिथं प्रमुख म्हणून आली एडिथ पेची. १८८३ च्या डिसेंबरात ती मुंबईत उतरली. ही बाई काही मिशनची मवाळ मडम नव्हे. एडिंबरा विद्यापीठात १८६९ साली डॉक्टरकीसाठी शिरलेल्या ज्या पहिल्या बायका, त्यांतली ती एक. रसायनशास्त्रात पहिल्या वर्षाच्या मुलांपुढे गेली, तर तिच्या हक्काची होप स्कॉलरशिप काढून खालच्या नंबरच्या पुरुषाला दिली. १८ नोव्हेंबर १८७० ला या बायका परीक्षेला गेल्या, तेव्हा सर्जन्स हॉलच्या फाटकावर मुलांनी त्यांच्या अंगावर चिखल फेकला, शिव्या दिल्या, आणि परीक्षेच्या दालनात एक मेंढरू घुसवलं. शेवटी एडिंबऱ्यानं पदवी दिलीच नाही. तिला ती बाहेर मिळवावी लागली.

वाचताना मला पेचीची कीव आली नाही, ओळख पटली. स्कॉलरशिप हिसकावणं, फाटकावर चिखल, वर्गात जनावर आणून ‘तुमची जागा ही’ असं दाखवणं. दार बंद होतं म्हणजे काय होतं, ते आपल्याला कुणी गोऱ्या बाईनं शिकवायला नको. पण तिलाही ते ठाऊक होतं, एवढं मान्य करायला आपलं काय जातं?

आणि रखमाबाई. तिला ‘बामणीण’ म्हणणाऱ्यांनी जरा माहिती घ्यावी. सुताराची पोर ती. अकराव्या वर्षी लग्न लावलं. मोठी झाल्यावर ती म्हणाली, मी या माणसाकडे नांदायला जाणार नाही, माझी संमती कुणी विचारली होती? नवऱ्यानं १८८४ साली कोर्टात खेचलं. पहिल्या न्यायाधीशानं तिच्या बाजूनं निकाल दिला. अपील झालं, केस फिरून आली, आणि १८८७ साली हायकोर्टाचा हुकूम सुटला की नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात. ती म्हणाली, तुरुंग चालेल. ‘केसरी’ तिच्यावर तुटून पडला. तिच्यामुळे हिंदू धर्म बुडत होता म्हणे! (हा धर्म नेहमी बायकांमुळे आणि आपल्यामुळेच बुडतो, सावकारामुळे कधी बुडत नाही.) १८८८ साली दोन हजार रुपयांवर नवऱ्यानं हक्क सोडला. मग पेचीबाई आणि इतरांच्या मदतीनं ती १८८९ साली लंडनला गेली. १८९४ साली डॉक्टर झाली. सुरतेला, राजकोटला तिनं बायकांचे दवाखाने सांभाळले, आयुष्यभर.

कोर्टापुढे ‘तुरुंग चालेल’ म्हणणारी बाई मला माझी वाटते. तिला मी कुणाला देणार नाही. आरतीवाल्यांना तर मुळीच नाही.

आता गोष्टीचा दुसरा अर्धा भाग. तो लिहायला पेपरवाल्यांची शाई संपते.

या हॉस्पिटलांच्या आधी या देशात बाळंतपणं होत नव्हती काय? पोरं झाडाला लागत होती? गावोगाव सुईण होती. पुष्कळ गावांत ती मांगीण, नाहीतर म्हारीण. १८८५ साली लेडी डफरिनचा फंड निघाला. हिंदुस्थानच्या बायकांना स्त्री-डॉक्टर पुरवायचे. त्या काळचे अहवाल, भाषणं, मडमांची पत्रं यांत एक खलनायिका सारखी भेटते, ती म्हणजे दाई. घाणेरडी, अडाणी, जुनाट, मरणाचं कारण. १९०३ साली लेडी कर्झननं दायांना शिकवायला म्हणून वेगळा फंड काढला, त्यातही सूर तोच. दाईला सुधारायचं, नाहीतर हटवायचं.

मी नर्स आहे. खोटं लिहिणार नाही. न धुतलेल्या हातानं, गंजक्या विळ्यानं नाळ कापली की धनुर्वात होतो आणि पोर आठ दिवसांत जातं. हे खरं आहे. पण मला एक सांगा, जिला गावच्या पाणवठ्याला शिवू देत नव्हता, तिला हात धुवायला पाणी कुठलं? जिला गोठ्याच्या अंधारात बाळंतपण करायला लावत होता, तिच्याकडे दिवा कुठला? घाण तुम्ही तिच्यावर ढकलली आणि मग तिलाच घाण म्हणालात.

आणि घाणीचंच विचाराल, तर १८४७ साली व्हिएन्नाच्या हॉस्पिटलात काय होतं? बाळंतिणींचे दोन विभाग होते. एकात डॉक्टर आणि मेडिकलचे विद्यार्थी, दुसऱ्यात सुइणी शिकत होत्या. बाळंतरोगानं बायका जास्त मरत होत्या डॉक्टरांच्या विभागात. सेमेलवाइस नावाच्या डॉक्टरनं कारण शोधलं. हे साहेब लोक मढी फाडून तसेच बाळंतिणीकडे येत होते. हात धुवा म्हणाला, तर त्याच्याच हाताखालचे आणि वरचे डॉक्टर त्याच्यावर चिडले. सभ्य माणसाचा हात घाण असूच कसा शकतो! ही गोष्ट नर्सिंगच्या पुस्तकात आहे, पण दाईच्या नावानं खडे फोडताना कुणाला आठवत नाही.

पुण्यात फुल्यांनी बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं ते १८६३ साली. कामा उघडण्याच्या तेवीस वर्षं आधी. फसवल्या गेलेल्या विधवा, बहुतेक बामणांच्या, तिथं गुपचूप बाळंत व्हायच्या आणि सावित्रीबाई त्यांचं करायची. तिच्याकडे पदवी नव्हती. त्याच घरात जन्मलेल्या काशीबाईच्या पोराला तिनं दत्तक घेतलं, तो यशवंत डॉक्टर झाला. १८९७ च्या प्लेगात मुंढव्याच्या महारवाड्यातलं आजारी पोर पाठीवर घेऊन सावित्रीबाई त्याच्या दवाखान्यात गेली आणि प्लेग लागून १० मार्चला गेली. बायकांच्या दवाखान्याचा इतिहास लिहिणाऱ्यांनी सुरुवात इथून का करू नये?

तर सुईण गेली कुठं? ती कुठंही गेली नाही. ती हॉस्पिटलात आली. मागच्या दारानं. तिचं नाव बदललं. ती आया झाली.

माझी आई गावाकडे सुईण होती. बोलावणं यायचं रात्री, मागच्या अंगणातून. मूल हातात घ्यायचं, नाळ कापायची, वार पुरायची, लुगडी धुवायची. मूल न्हाऊन घरात, आई अंगणाबाहेर. ज्याचं डोकं तिच्या हातानं जगात आलं, त्यालाच पाच वर्षांनी शिकवायचं, हिला शिवू नको. म्हणजे हात बाळंतपणापुरता चालतो. पुढं विटाळ.

१९७२ च्या दुष्काळात आम्ही शहरात आलो. तिला बायकांच्या सरकारी दवाखान्यात काम लागलं. दवाखान्याचं नाव लिहीत नाही, एकाच दवाखान्याची ही गोष्ट नाही. कामं तीच होती. बेडपॅन, रबरी शीट, रक्ताचे कपडे, वारेची बादली. फक्त गोठ्याच्या जागी फरशी आणि राखेच्या जागी फिनेल. अकरा वर्षं ती बदली कामगार होती, कधी महिन्यातले वीस दिवस, कधी दहा. रात्रपाळीला डॉक्टरीणबाई क्वार्टरवर. पोटाला हात लावून आई सांगायची, हिला अजून चार घंटे हैत, हिचं पोर आडवं हाय, बाईस्नी उठवा. ती कधी चुकलेली मी ऐकली नाही. कितीदा तरी डॉक्टरीणबाई येईपर्यंत पोर रडत असायचं. आणि रजिस्टरात? रजिस्टरात बाळंतपण कुणी केलं त्या रकान्यात डॉक्टरीणबाईंचं नाव. पेढे डॉक्टरीणबाईंना. आईच्या हातात चिल्लर, तीही टाकलेली, दिलेली नव्हे.

चहाचा तिचा कप वेगळा. पॅन्ट्रीच्या खिडकीत, कान तुटलेला. ठेवायला लावणारी बाई होती, पुरुष नव्हता. तिच्या टेबलावर स्त्रीमुक्तीवरची मासिकं असायची.

आई म्हणायची, ‘पोरी, ती बाई बी बाईच हाय आन् म्या बी. पर तिचं बाईपन साबणानं धुतल्यालं.’

मी यावर भाषण करणार नाही. तुम्ही म्हणाल, जुनी गोष्ट झाली. जुनी? २२ मे २०१९. मुंबईतल्या एका मोठ्या पालिका हॉस्पिटलात डॉ. पायल तडवी, तडवी भिल्ल समाजातली, स्त्रीरोग आणि प्रसूतीच्या विभागात पुढचं शिक्षण घेणारी, आत्महत्या करून गेली. तिच्या वरच्या वर्गातल्या तिघींवर जातीवरून छळ केल्याचा आरोप आला, अॅट्रॉसिटी कायद्याखाली गुन्हा नोंदला, अटक झाली, खटला उभा राहिला. निकाल कोर्ट देईल. पण मी डोळ्यांपुढे काय आणते, तर विभाग बायकांच्या आजारांचा, शिकणाऱ्या बायका, आरोप ज्यांच्यावर त्या बायका, आणि गेली तीही बाईच. पेचीच्या परीक्षेत मेंढरू घुसवणारे पुरुष होते. पायलच्या आईचं, आबेदाबाईंचं, म्हणणं ऐका. रोहित वेमुलाची आई राधिकाबाई आणि त्या, दोघी मिळून २०१९ सालीच सुप्रीम कोर्टात गेल्या, की कॉलेजांतला जातीचा छळ थांबवा. दोन आया. बायकांच्या हॉस्पिटलच्या नावानं गळा काढणाऱ्या किती डॉक्टरणी त्यांच्याबरोबर उभ्या राहिल्या?

स्त्री म्हणून सगळ्या एक, हे वाक्य मला पाठ आहे. ते सभेत म्हणायला सोपं असतं. वॉर्डात म्हणून दाखवा. तिथं एकीच्या गळ्यात स्टेथोस्कोप असतो आणि दुसरीच्या हातात बादली, आणि बादली कुणाच्या हातात जायची ते जन्माआधीच ठरलेलं असतं.

आता मित्र म्हणतील, बघ, हेच तर आम्ही म्हणतो. सोडून दे त्यांचं हॉस्पिटल. नाही. इथंच माझं तुमच्याशी भांडण आहे. हॉस्पिटल त्यांचं नाहीच मुळी.

२६ नोव्हेंबर २००८ ची रात्र आठवा. बंदुका घेतलेले दोघं सीएसटीवर माणसं मारून कामाकडे आले. हॉस्पिटलच्या मागच्या गल्लीत ठाकूर वाघेला राहायचा, जी. टी. हॉस्पिटलचा सफाई कामगार. त्याला त्याच्या झोपडीत गोळ्या घातल्या. मग कामात शिरले. बबन उघडे आणि भानू नारकर हे पहारेकरी मारले गेले. वर, गच्चीजवळ, पोलिसांशी चकमक झाली, त्यात प्रकाश मोरे आणि विजय खांडेकर गेले. बाळंतपणाआधीच्या वॉर्डात अंजली कुलथे ही नर्स ड्यूटीवर होती. वीस गरोदर बायका. तिनं दारं लावली, सगळ्यांना पॅन्ट्रीत कोंबलं, वॉर्डातल्या आयाबाईला गोळी लागली होती तिला उपचाराला पोचवलं, आणि एकीला कळा सुरू झाल्या तर भिंतीला धरून धरून लेबर रूमला नेलं. पुढे कोर्टात उभं राहून तिनं कसाबला ओळखलं. डिसेंबर २०२२ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेपुढं तिनं ती रात्र सांगितली.

त्या रात्री हॉस्पिटल कुणी राखलं? नर्सनं, पहारेकऱ्यांनी, शिपायांनी. ज्यांना राज्याच्या भाषेत वर्ग तीन आणि वर्ग चार म्हणतात. इमारत ऐतिहासिक आहे, तिचे दगड जपा, असं म्हणणारे पुष्कळ भेटतात. दगड जपा. पण ठाकूर वाघेला त्या दगडांना टेकून झोपडीत राहत होता, त्याचं काय?

तुम्हाला वाटेल, ही बाई वर्ग चारची युनियन घेऊन बसली, डॉक्टरणींचा मुद्दा राहिला. नाही राहिला. रखमाबाई लंडनला ज्या कॉलेजात शिकली, लंडन स्कूल ऑफ मेडिसिन फॉर विमेन, तिथली डीन होती एलिझाबेथ गॅरेट अँडरसन. हिनं १८६५ साली औषधवाल्यांच्या एका जुन्या संस्थेच्या नियमातली फट शोधून परवाना मिळवला, आणि ती आत गेल्यावर संस्थेनं ती फट बुजवून टाकली. १८६६ साली तिनं गरीब बायकांसाठी छोटा दवाखाना काढला, १८७२ साली त्याचं बायकांचं हॉस्पिटल झालं, १८९० साली यूस्टन रोडवर मोठी इमारत. ती गेल्यावर १९१८ साली तिचंच नाव त्याला दिलं. बायका डॉक्टर, बायका रोगी. आपल्या कामाची ही मोठी बहीणच म्हणा.

शंभर वर्षांनी सरकारनं ठरवलं, हे लहान आहे, जुनं आहे, खर्च परवडत नाही, बंद करा. (ही वाक्यं सगळ्या देशांत सारखीच असतात.) नोव्हेंबर १९७६ मध्ये तिथल्या लोकांनी हॉस्पिटल ताब्यात घेतलं. संप नव्हे. काम चालू ठेवून कब्जा. बंद करा म्हणता, आम्ही चालवतो! डॉक्टरणी होत्या, नर्सेस होत्या, झाडणाऱ्या होत्या, स्वयंपाकवाल्या होत्या, हमाल होते. अॅम्ब्युलन्सवाले रोगी आणत राहिले. रोगी येत राहिले म्हणून कुलूप लावता येईना. इंग्लंडात हॉस्पिटलचा असा कब्जा पहिल्यांदाच होत होता. १९७९ साली सरकारला माघार घ्यावी लागली. हॉस्पिटल वाचलं. पुढं ते मोठ्या हॉस्पिटलात सामील झालं, नाव तिथल्या बायकांच्या विभागाला राहिलं. आणि त्या जुन्या लाल इमारतीत आज कोण आहे? युनिसन. सरकारी नोकर, नर्सेस, सफाईवाले यांच्या युनियनचं मुख्य ठाणं. २०११ पासून.

त्या काळी लंडनच्या हॉस्पिटलांत बादल्या कुणाच्या हातात होत्या ते वेगळं सांगायला नको. वेस्ट इंडीजच्या काळ्या बायका, आयरिश बायका. तिथंही वरच्या-खालच्या होत्याच. पण कुलूप लावायला माणसं आली, तेव्हा सगळ्याजणी एका दारात उभ्या राहिल्या.

आणि हेही सांगते, दरवेळी जमतं असं नाही. त्याच लंडनमध्ये बायकांनीच १९१२ साली सुरू केलेलं साउथ लंडन हॉस्पिटल १९८४ साली बंद केलं. तिथंही बायका आत बसल्या, पुढच्या वर्षापर्यंत बसून राहिल्या, पोलिसांनी बाहेर काढल्या. आज तिथं खाली सुपरमार्केट आहे आणि वर फ्लॅट. दर्शनी भिंत तेवढी जपली आहे. दगड जपणाऱ्यांचं समाधान झालं असेल.

म्हणून मी आपल्या डॉक्टरणींना सांगते आहे. बायांनो, तुम्हाला वाटतं हॉस्पिटल तुमच्या डिग्रीवर उभं आहे. तसं नाही. ठेकेदार आधी आयाबाईच्या जागी येतो. तिथं तुम्ही गप्प बसता. मग तो नर्सच्या जागी येतो. मे २०२२ च्या अखेरीस राज्यातल्या नर्सेस संपावर गेल्या, त्या याच भरतीच्या ठेक्याविरुद्ध. मग ६ सप्टेंबर २०२३ चा सरकारी आदेश आला, राज्यभरच्या नोकऱ्या एजन्सींमार्फत भरण्याचा. ओरड झाली म्हणून ऑक्टोबरात तो मागं घेतला. मागं घेतला, पण विचार मागं घेतलेला नाही. उद्या तो डॉक्टरच्या खुर्चीशी येईल, तेव्हा तुमच्या बाजूला उभं राहायला कायम नोकरीतली आयाबाई उरलेली नसेल.

ठेक्यावरची आया म्हणजे काय, हे तुम्हाला ठाऊक नसेल तर ऐका. जिथं दिवसाला पन्नास बायकांचं बाळंतपण बघायचं, तिथं तिचं स्वतःचं पोट वाढलं की ठेकेदार म्हणतो, उद्यापासून येऊ नको. कायदा आहे. बाबासाहेब १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात गिरणीतल्या बायकांच्या बाळंतपणाच्या भत्त्यासाठी उभे राहिले. म्हणाले, बाळंतपणाच्या आधी आणि नंतर आईला विसावा मिळणं हे देशाच्या हिताचं आहे आणि याचा भार सरकारनं उचलला पाहिजे. १९२९ साली मुंबई इलाख्यात तो कायदा झाला. जवळजवळ शंभर वर्षं झाली. गिरण्या गेल्या. आणि बायकांच्याच हॉस्पिटलात बादली उचलणारी बाई पोट लपवून कामाला येते, पदर सैल सोडून. मी पाहिलेल्या आहेत. एकीचं लेबर रूम पुसता पुसता पाणी गेलं.

मागायचं काय, ते साधं आहे. सफाईची, आयाची, मामाची जागा कायम करा, ठेका नको. बाळंतपणाचं रजिस्टर आहे तसं खरं भरा, मूल ज्याच्या हातात आलं त्याचं नाव लिहा. वेगळा कप, वेगळा माठ, वेगळी खोली कुठं असेल तिथं तक्रार घ्या, आणि तक्रार घेणाऱ्या समितीत बादलीवालीही बसवा. २०२४ साली जी. टी. आणि कामा मिळून नवं सरकारी मेडिकल कॉलेज सुरू झालं, पन्नास जागांचं. चांगलं झालं. त्या पन्नासांत राखीव जागेवर जी पोर येईल, तिला पहिल्या दिवशी ‘तुझा स्कोर किती’ असं विचारणाऱ्यांना आधीच समज द्या. तिची आई कदाचित त्याच वॉर्डात आया असेल.

आणि आपल्या मित्रांना. इतिहासाच्या फोटोतून डॉक्टरणी काढून टाका असं मी म्हणत नाही, तुम्हीही म्हणू नका. पेची राहू दे, रखमाबाई तर राहिलीच पाहिजे. पण कामाच्या दारात उद्या कुणी विकासकाचा नकाशा घेऊन आला, तर ‘आपला काय संबंध’ म्हणून तुम्ही घरी बसलात असं होऊ देऊ नका. तिथल्या खाटांवर तुमच्याच आया-बहिणी आहेत. खासगी दवाखान्यात सिझरचं बिल भरताना गळ्यातलं डोरलं मोडलेल्या बायका आपल्या वस्तीत किती आहेत, मोजून बघा. आमच्या गल्लीत सात.

ज्या आयाबाया, सुइणी, सफाईवाल्या, मामा, नर्सेस हे वाचतील किंवा कुणाकडून वाचून घेतील, त्यांनी आपल्या कामाच्या जागेबद्दल लिहून पाठवावं. किती वर्षं काम केलं, कायम झालात का, किती पोरं हातात घेतली, रजिस्टरात कुणाचं नाव पडलं. लिहिता येत नसेल तर पोरीला सांगा. पोस्टकार्ड चालेल, वहीचं पान चालेल. शुद्धलेखन तपासलं जाणार नाही.